कोण जागा आहे?

कोजागिरीच्या मध्यरात्री लक्ष्मी पृथ्वीवर उतरते आणि 'को जागर्ति?' – कोण जागा आहे? – असे विचारीत घरोघर फिरते, ही कथा आपण सर्वांनीच लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. जो जागा सापडेल त्याला धन मिळते. जो झोपला असेल त्याच्या दारावरून ती तशीच पुढे जाते. त्या वयात माझ्या मनात एक शंका नेहमी येई. आपण वर्षातून एक रात्र जागतो, तीही आटीव दूध पीत आणि पत्ते कुटीत! पण जे पोटासाठी वर्षातल्या निम्म्या रात्री जागतात, त्यांच्याकडे ही देवी केव्हा वळते? रातपाळीचा कामगार, दवाखान्यातली नर्स, रेल्वेचा सिग्नलवाला आणि रात्रभर रस्ता तुडविणारा मालट्रकचा ड्रायव्हर, या मंडळींच्या जागरणाचा हिशेब कुणाच्या वहीत लिहिला जातो?

या शंकेचे उत्तर मला दोन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला मिळाले, आणि तेही एका मालट्रकच्या केबिनमध्ये.

माझ्या चुलतभावाची शेती लासलगावजवळ आहे. उन्हाळ कांदा काढून तो चाळीत भरून ठेवायचा आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत थोडाथोडा बाहेर काढायचा, हा तिकडचा शिरस्ता. त्या साली त्याने दोनशे गोण्या थेट वाशीच्या बाजारात पाठवायचे ठरविले. मालाबरोबर घरचे कुणी असावे म्हणून मी निघालो, असे मी सर्वांना सांगितले. खरे कारण असे की, रात्रीचा रस्ता ट्रकच्या उंचीवरून एकदा पाहावा, ही माझी फार दिवसांची हौस होती.

गाडी सहाचाकी. ड्रायव्हर पंचावन्नच्या घरातला, तीस वर्षे याच रस्त्यावर घातलेला. बरोबर त्याचा भाचा, एकवीस वर्षांचा, सडसडीत आणि हसतमुख. दोन वर्षे तो मामाच्या हाताखाली किन्नर होता. ताडपत्री ओढून रस्सी आवळणे, टामीने टायर ठोकून हवा ओळखणे, काचा पुसणे, घाटात गाडी उभी राहिली की चटकन उडी मारून चाकामागे दगड ठेवणे, ही सारी उमेदवारी त्याने केली होती. मालमोटार चालविण्यास कायद्याने वयाची २० वर्षे पुरी लागतात, आणि हलक्या गाडीचा परवाना निदान एक वर्षाचा जुना लागतो. या दोन्ही अटी पुऱ्या करून त्याने शिकाऊ परवाना काढला होता. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडा 'एल' लावलेला होता, आणि पंधरा दिवसांनी त्याची परीक्षा होती.

पहाटेचे चाक

मामाचा शिकविण्याचा एक क्रम होता. पहिल्या महिन्यात रिकामी गाडी आणि मोकळे पटांगण. मग भरलेली गाडी, पण दिवसाउजेडी. त्यानंतर रात्रीचे नऊ ते बारा. मात्र पहाटे दोन ते पाच या वेळात त्याने भाच्याच्या हाती चाक कधीच दिले नव्हते.

"गेर टाकायला कुणीही शिकतो, भाऊ," तो मला म्हणाला. "नऊ ते बारा गाडी माणूस चालवतो. दोन ते पाच मात्र गाडीत माणूस आहे का नाही, तेच बघावं लागतं!"

आज तो भाच्याला पहाटेचे चाक प्रथमच देणार होता. घाट उतरल्यावर शहापूरच्या पुढे, भिवंडीपर्यंत. पोराचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. निघण्यापूर्वी मामाने त्याला एकच प्रश्न विचारला.

"दुपारी झोपलास ना?"

"हो मामा. चांगला चार तास."

हे उत्तर वाचकांनी लक्षात ठेवावे.

रात्री साडेनऊला आम्ही निघालो. आपल्याकडे इतका माल रात्रीच का धावतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे कारण असे की, बाजार सकाळी भरतो आणि त्यापूर्वी गाडी गाळ्यापुढे लागावी लागते. मोठ्या शहरांतून अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी काही तास मज्जाव असतो. शिवाय रात्री हवा गार, त्यामुळे टायर कमी तापतात, आणि भाजी-फळांसारखा नाशिवंत मालही कमी सुकतो. थोडक्यात, सकाळी आपल्या ताटात पडणारी भाजी ताजी असावी म्हणून कुणीतरी रात्रभर शिळे झालेले असते.

निफाड, नाशिक मागे पडले. मध्यरात्रीच्या सुमारास इगतपुरीच्या अलीकडे एका ढाब्यावर गाडी थांबली. चंद्र अगदी डोक्यावर आला होता. ढाबेवाल्याने कोजागिरी म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट मसाला दूध चालविले होते. भाच्याने पेला तोंडाला लावताच मामा म्हणाला, "अर्धाच घे. गोड आणि गरम पोटात गेलं की डोळा जड होतो." जेवणातही त्याने दोन भाकऱ्या आणि पातळ डाळ यांपलीकडे काही घेऊ दिले नाही. शेजारच्या बाजेवर एक ड्रायव्हर भरपेट मटण हाणून तृप्तीचा ढेकर देत होता. त्याच्याकडे पाहून मामा हलकेच म्हणाला, "याची गाडी आपल्या पुढं नको आणि मागंही नको."

कसारा घाट मामाने स्वतः उतरविला. भाच्याला तो उतरता उतरता शिकवीत होता. ज्या गेरमध्ये चढ चढावा त्याच गेरमध्ये उतार उतरावा. सारा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. आणि चार पैशांचे डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा माणूस म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची तिरडी बांधणारा! भाचा मान हलवीत होता. चांदण्यात दरी दुधाने भरल्यासारखी दिसत होती. मी मनात म्हटले, हौस फिटली.

"दगड कितीचा?"

अडीचच्या पुढे शहापूर गेले आणि मामाने चाक भाच्याच्या हाती दिले. सुरुवातीला सारे उत्तम होते. पोराचा हात खरोखरच चांगला होता. समोरून प्रखर दिवे आले की त्यांच्याकडे न पाहता नजर डावीकडच्या पांढऱ्या रेघेवर ठेवायची, हेही त्याला साधले होते. मामा शेजारी बसून अधूनमधून एकच विचारी –

"दगड कितीचा गेला?"

म्हणजे मैलाचा दगड. भाचा लगेच आकडा सांगे. मला वाटले, मामा रस्ता मोजीत आहे. पण रस्ता त्याला तोंडपाठ होता. तो मोजीत होता भाच्याला.

तीन वाजून गेले. केबिनमधले बोलणे आपोआप बंद पडले. इंजिनाची एकसुरी घरघर, समोर सरळ पांढरा रस्ता, दोन्ही बाजूंना झोपलेले शेत. माझ्याही पापण्या खाली येऊ लागल्या.

"दगड कितीचा गेला?"

उत्तर नाही.

"कितीचा रे?"

"आं? आत्ता... दिसला नाही, मामा."

"त्याच्या आधीचा?"

पोर गप्प झाले. त्याच्या डोळ्यांसमोरून तीन दगड गेले होते आणि त्यातला एकही त्याला आठवत नव्हता. डोळे उघडे होते, हात चाकावर होते, गाडी सरळ चालली होती. फक्त चालविणारा तिथे नव्हता.

"जागा आहे मी मामा, शपथ!" तो घाईघाईने म्हणाला. "खिडकी उघडतो. गाणी लावतो."

"पुढं पंप आहे. गाडी आत घे."

"बाजार चुकेल, मामा. काकांचा माल आहे."

"बाजार उद्याही भरतो," मामा म्हणाला.

त्याने आवाज चढविला नाही. पण त्या तीन शब्दांत असे काही होते की, ज्याचा माल होता त्याचा मी भाऊ असूनही मला बोलण्याची छाती झाली नाही.

पेट्रोल पंपाच्या आवारात, रस्त्यापासून चांगली आत, गाडी उभी राहिली. रस्त्याच्या कडेला मामा ती कधीच लावीत नसे. कडेला अंधारात उभी असलेली गाडी म्हणजे मागून येणाऱ्या झोपाळू ड्रायव्हरसाठी मांडलेला सापळाच, असे त्याचे म्हणणे. टपरीवरून त्याने कडक चहा आणविला, भाच्याला तो गटागट प्यायला लावला आणि हुकूम सोडला, "आता झोप. वीस मिनिटं. मी उठवतो."

चहा पाजून झोपवायचे! मला हसू आले. पण मामाने जे अनुभवाने जाणले होते ते प्रयोगशाळेतही पटलेले आहे, हे मला मागाहून कळले.

पडण्यापूर्वी पोराने खाली मान घालून कबुली दिली. तो दुपारी झोपलाच नव्हता. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळतात. हा घरात थोरला. आईचा निरोप आला म्हणून तो दुपारी गावी गेला. ओवाळून घेतले, धाकट्या बहिणीशी गप्पा मारल्या आणि संध्याकाळी परत आला. पहाटे पाचला जो उठला होता तो अद्याप पाठ टेकलेला नव्हता.

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही आज चाक दिलं नसतं."

दोन मिनिटांत तो घोरू लागला. त्याची आई म्हणजे मामाची थोरली बहीण. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग हसून म्हणाला, "अक्काला सांगतो, पुढच्या वर्षापासून ह्याला सकाळीच ओवाळ म्हणून. चंद्र काय, उशिरा आला तरी रागवायचा नाही."

आणि मग, भाचा झोपला आहे याची खात्री करून घेऊन, त्याने मला स्वतःची गोष्ट सांगितली. तो शिकाऊ होता तेव्हाची. मालेगाव-धुळ्याच्या रस्त्यावर असाच पहाटेचा सुमार. उस्ताद मागच्या फळीवर झोपलेले. याला झोप अनावर झाली. पण उस्तादांना उठवायचे कसे? 'पोरगं कच्चं आहे' म्हणतील, चाक काढून घेतील, ही भीती. त्याने डोळ्यांना पाणी लावले, स्वतःला चिमटे काढले. पुढे एवढेच आठवते की, समोर दिवे नसलेली एक उभी गाडी होती.

"मी वाचलो. उस्तादांचा पाय गेला," मामा म्हणाला. "दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी रडत होतो. ते मला एक शब्द वाईट बोलले नाहीत, भाऊ. फक्त एवढंच विचारलं, 'उठवलं का नाहीस?' तीस वर्षं झाली. अजून उत्तर देता आलेलं नाही."

शरीरातले घड्याळ

त्या रात्रीनंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. त्यातून एक गोष्ट स्वच्छ कळली. झोप हा आळस नव्हे आणि जागरण हा पराक्रम नव्हे. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते सूर्याच्या उजेडावर लावलेले असते आणि आपल्या भिंतीवरच्या घड्याळाला ते मुळीच विचारीत नाही. या घड्याळाचे जीवपेशींमधले यंत्र उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच्याही पुष्कळ आधी, १९३८ साली, शिकागोचे नेथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे केंटकीमधील मॅमथ नावाच्या गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले होते. तेथे ना सूर्य, ना कोंबड्याची बांग. २४ तासांऐवजी २८ तासांचा दिवस करून पाहावा, असा त्यांचा बेत. तरुण विद्यार्थ्याच्या शरीराने ते नवे वेळापत्रक मानले. चाळिशी उलटलेल्या गुरुजींच्या शरीराने मात्र साफ नकार दिला. गुहेच्या काळोखातही ते आपले जुनेच घड्याळ चालवीत राहिले! तेव्हा 'सवयीने सारे जमते' असे जे आपण सहज म्हणतो, ते सर्वांच्या बाबतीत खरे नव्हे. रातपाळी वर्षानुवर्षे करूनही पुष्कळांचे शरीर रात्रीला दिवस मानत नाही. घरी परतताना सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की घड्याळ पुन्हा मूळपदावर येते.

पहाटे दोन ते पाच-सहा या वेळात शरीराचे तापमान उतरते, प्रतिक्रिया मंदावतात आणि झोपेची ओढ सर्वांत प्रबळ होते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अशीच, पण थोडी सौम्य ओहोटी येते. या दोन वेळा मामाला कुठल्या पुस्तकाने शिकविल्या नव्हत्या. तीस वर्षांच्या रस्त्याने शिकविल्या होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कर्जाची. माणूस जितके तास जागा राहतो तितके झोपेचे कर्ज चढत जाते. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, असे त्यांना आढळले. आता आपल्या कायद्याकडे पाहा. ड्रायव्हरच्या रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले की तो गुन्हेगार ठरतो. आमचा भाचा पहाटे पाचला उठला होता आणि दुसऱ्या पहाटे तीनला त्याच्या हाती चाक होते, म्हणजे २२ तास! थेंबभरही दारू न पिता तो पोरगा झिंगलेल्या माणसासारखा गाडी हाकीत होता. फरक इतकाच की, दारूचा वास येतो. झोपेला वास नाही आणि नाक्यावर तिची फुंकर घेणारे यंत्र नाही.

तिसरी गोष्ट डुलकीची. ही डुलकी दोन-चार सेकंदांची असते आणि पुष्कळदा ती आली हे ज्याला येते त्यालाही कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. चार सेकंदांच्या डुलकीत ती दोनशे फुटांहून अधिक अंतर तोडते, आणि तेही दहा टन कांद्यासह, पण ड्रायव्हरविना.

शिकाऊ ड्रायव्हरसाठी चार गोष्टी

ज्यांच्या घरचा मुलगा या धंद्यात नव्याने पडला आहे अशा वाचकांसाठी, मामाच्या आणि शास्त्रज्ञांच्या शिकवणुकीचे सार येथे एकत्र देतो. गंमत अशी की, दोघांचे फारसे कुठे बिनसत नाही.

पहिली गोष्ट, रात्रीची तयारी दुपारी सुरू होते. निघण्यापूर्वीची झोप ही चैन नसून टाकीतल्या डिझेलइतकी गरजेची आहे. दिवसाची झोप मुळातच तोकडी आणि तुटक असते. म्हणून खोली अंधारी करावी, डोळ्यांवर गमछा टाकावा, फोन दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, आणि शक्य तो रोज एकाच वेळी झोपावे. घरच्यांनीही 'दिवसा काय लोळतोस' हे वाक्य सोडून द्यावे. परगावच्या पाहुण्यांना जसे आपण सांगतो, तसे शेजाऱ्यांना सांगावे, की आमच्याकडे आता रात्र आहे.

दुसरी गोष्ट, चहाचा वेळ ओळखावा. चहा-कॉफीतले द्रव्य झोपेची जाणीव दाबते. झोपेचे कर्ज फेडीत नाही. ते लागू पडायला अर्धा तास जातो. म्हणून चहा पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे पडले, तर जाग येण्याच्या सुमारास चहाही कामाला लागतो. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातल्या हॉर्न आणि रेनर यांनी १९९०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखविले. म्हणजे मामाच्या ज्या हुकमाला मी हसलो, तोच शास्त्रशुद्ध होता! त्याहून लांब झोप घेतली तर उठल्यावर काही काळ डोके जड राहते. तेव्हा लगेच चाक हाती घेऊ नये. आणि सकाळी घरी जाऊन झोपायचे असेल, तर पहाटे चारनंतर चहा नको; त्याचा अंमल कित्येक तास टिकतो.

तिसरी गोष्ट, खोटे उपाय ओळखावेत. खिडकीचे गार वारे, मोठ्या आवाजातली गाणी, तोंडात तंबाखूचा बार, डोळ्यांना पाणी, यांनी फार तर काही मिनिटांची सवड मिळते. गाडी सुरक्षित जागी लावण्यापुरती ती सवड वापरावी. पुढचा मुक्काम गाठण्यासाठी नव्हे. 'जागे ठेवणाऱ्या' गोळ्या कुणी देऊ केल्या तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. गोळी झोप मारीत नाही. ती फक्त तिची चाहूल मारते, आणि अंमल उतरला की सारे कर्ज एकदम वसूल होते.

चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत महत्त्वाची, खुणा ओळखाव्यात आणि त्या मोठ्याने सांगाव्यात. वरचेवर जांभया, मान खाली जाणे, गाडी रेघेकडे सरकणे, गेर चुकणे, आणि गेलेले दगड न आठवणे, यातली एक खूण दिसली तरी पुरे. त्या क्षणी उस्तादाला सांगायचे, 'मला झोप येते आहे.' चार साधे शब्द! पण एकवीस वर्षांच्या पोराला ते दहा टनांच्या गाडीहून जड वाटतात. कारण लहानपणापासून आपण त्याला शिकविलेले असते की, जागतो तो शूर आणि झोपतो तो ऐदी.

शेठजींचाही वाटा

मात्र सारा बोजा त्या पोराच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची साधारण मर्यादा घातली होती. पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची सुट्टी, असेही त्यात लिहिलेले होते. हा कायदा पुढे नव्या कामगार संहितेत सामावला गेला. पण ज्या मालकाच्या गाडीवर एकटाच ड्रायव्हर असतो आणि 'सहाच्या आत पोहोचलास तर वरती पाचशे' असा करार तोंडी असतो, तिथे कागदावरचे तास कोण मोजणार? ज्याला लवकर पोहोचण्याचे बक्षीस देतात, त्याला खरे तर झोप विकायला सांगत असतात.

काही चांगलेही घडते आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. ज्याने मे महिन्यात तापलेल्या इंजिनाशेजारी दिवसभर बसून नंतर त्याच केबिनमध्ये झोपण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाच या सुधारणेचे मोल कळेल. रस्तेही सुधारले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ रोजी पुरे झाले. पण सरळ, सपाट, एकसुरी रस्ता झोपेला अधिकच बोलावतो. खड्ड्यांनी निदान जागे तरी ठेवले होते, असे मामा थट्टेने म्हणे. नव्या रस्त्यांवर ड्रायव्हरांसाठी सावलीची, पाण्याची आणि झोपण्याची जागा ठरावीक अंतराने असणे, हे डांबराइतकेच रस्त्याचे अंग मानले पाहिजे.

परतीचा प्रवास

बरोबर वीस मिनिटांनी मामाने भाच्याला उठविले. पण चाक त्याला दिले नाही, स्वतः घेतले. पोराचा चेहरा उतरला. परंतु २२ तासांचे कर्ज वीस मिनिटांत फिटत नाही, हे मामाला ठाऊक होते. फटफटायच्या सुमारास आम्ही वाशीच्या बाजारात शिरलो. आमच्या पुढे सात-आठ गाड्या लागलेल्या होत्या. माथाडी कामगारांनी आमचा माल उतरवायला घेतला तेव्हा ऊन वर आले होते. त्या उशिरामुळे भावात काही फरक पडला असेल तर तो माझ्या भावाने सोसला. मी त्याला सारी हकीकत सांगितली, तेव्हा तो इतकेच म्हणाला, "कांदा पुढच्या वर्षी पुन्हा येईल."

दिवसभर मामा-भाचे बाजारातच ताडपत्रीच्या सावलीत आडवे झाले. रात्री रिकामी गाडी परत निघाली. मीही बरोबर होतो. कसारा घाट चढून झाल्यावर मामाने पुन्हा चाक भाच्याच्या हाती दिले. पहाटेचे दोन वाजले असतील. मामा या खेपेला दगड विचारीत नव्हता. तो डोळे मिटून बसला होता. पण झोपलेला नव्हता, हे मला त्याच्या बोटांवरून कळत होते.

घोटी मागे टाकून आम्ही काही मैल आलो असू. अचानक गाडीचा वेग कमी झाला. डावीकडचा दिवा लुकलुकू लागला आणि एका बंद ढाब्याच्या प्रशस्त आवारात गाडी आत वळली.

"काय झालं रे?" मामाने डोळे न उघडताच विचारले.

"मामा," भाचा म्हणाला. त्याचा आवाज किंचित अडखळला, पण मग तो स्पष्टपणे बोलला, "मला झोप येते आहे. दोन दगड आठवेनात."

मामाने डोळे उघडले. त्याने काही शाबासकी वगैरे दिली नाही. खाली उतरून सवयीप्रमाणे चारी बाजूंनी टायर ठोकून पाहिले. मग वर येऊन भाच्याच्या अंगावर स्वतःची चादर टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, आज माझा पोरगा पास झाला. पंधरा दिवसांनी साहेब जी घेईल ती कागदाची परीक्षा."

चंद्र पश्चिमेकडे कलला होता. माझ्या लहानपणच्या शंकेचे उत्तर मला तेथे मिळाले. रस्त्यावर फिरणाऱ्या लक्ष्मीचा प्रश्न 'कोण जागा आहे?' एवढाच नसावा. 'कोण झोपून उठला आहे?' असे ती विचारीत असावी. आणि आपल्याला झोप येते आहे हे वेळेवर सांगण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असते, त्याच्याच घरी ती सकाळी सुखरूप पोहोचत असावी.

या दिवाळीत आपल्या दारी कांदा, फराळाचे सामान, कापड, फटाके जे काही येईल, ते कुणाच्या तरी रात्रीवरून चालत आलेले असेल. अभ्यंगस्नानासाठी आपण पहाटे उठाल, तेव्हा नुकताच रात्रभराचा प्रवास आटोपून कुणी शेजारी घरी परतला असेल, तर फटाक्यांची पहिली माळ थोडी उशिरा लावा. त्याची रात्र तेव्हा सुरू होत असते.